पाळण्यांची खोली

भामावयनी लहान मुलाला कधी बोटांनी हात लावत नसे. कडेवर घ्यायची, मांडीवर झोपवायची, छातीशी धरून अंगणभर फिरवायची. पण गालावरून हात फिरवायचा झाला की हाताची मागची बाजू फिरवायची. मी गोव्यातल्या मुळगावच्या शाळेत शिक्षिका म्हणून बदलून आले आणि तिच्या घराच्या अर्ध्या भागात भाड्यानं राहू लागले, तेव्हा मला ती काहीतरी सोवळ्याची रीत वाटली. एकदा विचारलं. तिनं दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बोटांची पेरं काळी, गुळगुळीत, मधेमधे सोललेली.

"काजीचो चीक, बाई. घासलो तरी जाणा नाय. पोराच्या गालाक लागलो तर फोड येतलो."

डिचोलीच्या वाटेवर काजू फोडायचा एक कारखाना होता. लांबच लांब पत्र्याची शेड, मागे भट्टी, पुढे फाटक, फाटकाबाहेर फणसाचं मोठं झाड. शेडमध्ये बायका रांगेनं उकिडव्या बसत. भाजलेली बी दगडावर धरायची, लाकडी हातोडीनं एकच ठोका घालायचा आणि आतला गर अख्खा बाहेर काढायचा. ठोका जास्त पडला की गराचे तुकडे, कमी पडला की सालीतलं तेल उडून हातावर. बायका बोटांना चुलीतली राख फासून बसत. राख तासाभरात निघून जाई, मग चीक नुसत्या कातडीवर.

भामावयनी तिथली जुनी कामकरीण. माहेर दोडामार्गापलीकडचं, लग्न होऊन मुळगावात आलेली. नवऱ्याबद्दल ती फारसं बोलत नसे. तो खनिज वाहणाऱ्या बार्जवर होता, आणि मग नव्हता, एवढंच मला ठाऊक. एक मुलगा, रामा, खाणीवर ट्रक चालवायचा.

ती अंगानं किरकोळ, चालणं मात्र असं, की तिच्याबरोबर बाजारात जायचं तर मला धावावं लागे. खुर्चीवर तिला बसता येत नसे. आयुष्य उकिडवं बसण्यात गेलेलं. खुर्चीवर बसवली तर थोड्या वेळानं पाय वर घेई आणि मग हसत खाली उतरे. "ह्या कदेलार माजे पाय लोंबकळतत. देवळातली घांट कशी." सकाळी पोदेर पाव घेऊन आला की त्याच्याशी भांडण ठरलेलं. पाव कालच्यापेक्षा लहान का, हा प्रश्न. पोदेर म्हणायचा, "वयनी, तूं सदांच विचारतां." त्यावर तिचं उत्तर, "विचारूक काय जाता?"

हे वाक्य तिच्या तोंडी सारखं असे. बस उशिरा आली की कंडक्टरला का म्हणून विचारायची. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी दिली की ही गोळी पोटात जाऊन करते काय ते विचारायची. माझ्या मुख्याध्यापकांना तिनं एकदा विचारलं होतं, की शाळेत झेंडावंदनाला पोरांना उन्हात का उभं करता, झेंडा सावलीत लावला तर चालत नाही काय. मुख्याध्यापकांना राग आला. पुढच्या वर्षी झेंड्याचा खांब आंब्याखाली आला. तिला हे कोणी सांगितलं नाही, आणि तिनंही तो विषय कधी काढला नाही.

कारखान्यातल्या बऱ्याच बायका लेकुरवाळ्या होत्या. आधी त्या पोरांना शेडमध्येच घेऊन बसायच्या. गोणपाट अंथरायचं, त्यावर पोर. मग एका पोरानं साल तोंडात घातली, ओठ सुजले, बोंबाबोंब झाली. मॅनेजरनं हुकूम काढला, पोरं आत आणायची नाहीत. घरी ठेवायला ज्यांच्याकडे कोणी होतं त्यांनी ठेवली. ज्यांच्याकडे कोणी नव्हतं त्यांनी फाटकाबाहेर, फणसाखाली ठेवायला सुरुवात केली. दुपारच्या सुटीत यायचं, पाजायचं, परत जायचं.

अशांतली एक कलावती. खानापूरकडची, विशीतली पोर. नवरा त्याच कारखान्यात गोणी उचलायला. त्यांचं इथं कोणीच नव्हतं. डिचोलीच्या बाजारामागे एका खोलीत राहायची. तिची मुलगी रेणू नुकती रांगायला लागली होती.

त्या दुपारी कच्च्या बियांचा ट्रक आला. फाटकातून आत घ्यायला ड्रायव्हरनं तो मागे घेतला. रेणू सावलीतून रांगत पुढे आली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी तिथं नव्हते. भामावयनीनं आणि नंतर इतर बायकांनी सांगितलं ते एवढंच, की कलावती ओरडली नाही. तिनं पोर उचललं आणि शेडमध्ये घेऊन आली, आपल्या जागेवर, आपल्या दगडापाशी, आणि तिथं बसली. मॅनेजर आला. तो माणूस वाईट नव्हता म्हणतात. पण तो बोलला ते असं, "हें गेटाभायर जालां. कंपनीचो संबंध ना." मग कोणीतरी कलावतीला घरी नेलं. आणि सुटी संपल्याची घंटा झाली.

भामावयनी उठून भट्टीपाशी गेली आणि कामाला बसायचं नाकारून उभी राहिली. दुसऱ्या बायका बसल्या. काही रडत रडत ठोके घालत होत्या. ती संध्याकाळपर्यंत उभीच राहिली.

त्या आठवड्यात गुरुदास आमच्याकडे आला. हा रामाच्या ओळखीचा, खाणीवरच्या कामगारांच्या संघटनेत काम करायचा. त्याची एक जुनी स्कूटर होती, ती आधी ऐकू यायची आणि मग बऱ्याच वेळानं दिसायची. त्याला काजूच्या कारखान्याशी काही देणंघेणं नव्हतं, तो फक्त विचारपूस करायला आलेला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "वयनी, ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असल्या तर मालकान पोरांसाठी खोली देवंक जाय. पाळणे, दूद, सांबाळपाक बाई. कायद्यात आसा तें."

भामावयनीनं कप खाली ठेवला. "कायद्यात असा?"

"आसा."

"पोरांची खोली? कायद्यात?"

"व्हय गो. केन्नाचो कायदो तो."

मला वाटलं, आता ती मालकाला शिव्या घालणार. ती म्हणाली, "दिल्लीत कोणीतरी बसान हां लिवल्यान. पोरां आवशीबरोबर येतत, तेंका खोली होई, असां कोणाच्या तरी मनात इलां. बायलमाणूसच असतलां तां." आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. रेणू गेली तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली. विचारायला. मॅनेजर म्हणाला, पात्रांवना विचारून सांगतो. पात्रांव म्हणजे मालक, म्हापशाला राहायचे. ते कधी आले नाहीत, उत्तरही आलं नाही. मग गुरुदासनं अर्ज लिहिला आणि भामावयनी बायकांच्या घरोघर गेली. बऱ्याच बायकांनी अंगठे दिले. कलावतीनंही दिला.

पणजीच्या लेबर ऑफिसात अर्ज द्यायला ती मला घेऊन गेली. "सोबतीक येवा बाई. मी एकटी गेलंय तर माका कोण बसा म्हणाचा नाय." तिथल्या कारकुनानं अर्ज पाहिला आणि म्हणाला, हे अंगठे चालणार नाहीत. खरंच, कागदावर नुसते काळे गोल उमटले होते. रेषा एकाही अंगठ्याला नव्हती. कारकुनाला वाटलं, एकाच माणसानं कशानं तरी ठसे मारलेत. त्यानं भामावयनीचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला. गोल. पुन्हा दाबला. गोल. त्यानं तिचा हात उलटा करून पाहिला. शेवटी म्हणाला, "बाई, सही शिका."

ती शिकली. संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाटी घेऊन बसायची. 'सत्यभामा' हे नाव तिला फार लांब वाटायचं. "आवशीन लहान ठेवचा होता," म्हणायची. 'त्य' पाशी अडायची. पण शिकली, आणि बाकीच्या बायकांतल्या काहींना तिनंच शिकवलं. अर्ज पुन्हा दिला.

आणि मग इन्स्पेक्टर येणार असल्याची बातमी आली.

कारखान्याला ती आमच्याआधी समजली असावी. कारण दोन दिवसांत गोदामालगतची एक खोली रिकामी झाली, तिला पिवळा रंग लागला, आत पाळणे आले, भिंतीवर कृष्णाचं चित्र आलं. पांढरं लुगडं नेसलेली एक म्हातारी येऊन बसली. मॅनेजरनं बायकांना सांगितलं, उद्या पोरं घेऊन या, स्वच्छ कपडे घालून आणा. भामावयनी घरी आली ती मला न सांगता थेट देवापुढे दिवा लावून आली. मग भिंतीला टेकून बसली आणि खोलीचं वर्णन करत राहिली. रंग कसा, खिडकी कुठं, वारा कसा येतो. "पाळण्याक जाळी असा बाई, माशी बसाची नाय."

इन्स्पेक्टर आले, बघून गेले. पाळण्यात झोपलेल्या पोराच्या पायाला हात लावून गेले म्हणे. आठवडाभर खोली होती. मग म्हातारी यायची बंद झाली. मग सोमवारी बायका पोरं घेऊन गेल्या, तर खोलीत छतापर्यंत बियांच्या गोणी रचलेल्या होत्या. पाळणे कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. कृष्ण मात्र गोणींच्या वर, भिंतीवर तसाच होता.

मी संतापले. भामावयनी हसली. खरंच हसली, लुगड्याचा पदर तोंडावर घेऊन. म्हणाली, "आठवडोभर निजली पोरां. दर सोमवारी एक इन्स्पेक्टर येवंक होयो."

ते तिचं शेवटचं मोकळं हसणं असावं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मजुरांचा ठेका घेतलेला एक मुकादम आला आणि बायकांना सांगितलं गेलं, आजपासून तुम्ही कंपनीच्या नाही, मुकादमाच्या. शेड तीच, दगड तोच, हातोडी तीच. पगाराच्या वेळी फक्त दुसरा माणूस समोर बसे. आणि मुकादमाच्या बायका कितीही असल्या तरी कंपनीच्या बायका आता कायद्याच्या आकड्याला पुरत नव्हत्या. भामावयनीनं आणि तिच्याबरोबर सही शिकलेल्या बायकांनी त्याला विरोध केला. त्यांना मुकादमानं दुसऱ्या दिवशी फाटकावरच अडवलं. काम नाही.

गुरुदासनं पणजीच्या कामगार कोर्टात दावा घातला. बायका कंपनीच्याच आहेत, त्यांना परत घ्या. कंपनीचं म्हणणं असं, की या बायका आमच्या नाहीत. शिवाय या बाईनं खोटी तक्रार करून बदनामी केली, कारखान्यात मुलं कधी येतच नव्हती.

तो काळ गोव्यात भाषेच्या भांडणाचा होता. मराठी की कोंकणी, यावरून घराघरात वाद. आम्ही शिक्षक मराठीच्या मोर्चात जायचो. भामावयनी दारात उभी राहून बघायची. "तुमचो मोर्चो बरो बाई. पोलिस बाजूबाजून चलतत. आमचो असलो की फुडे उभे रवतत." एकदा तारखेच्या दिवशीच रस्ते बंद झाले, झाडं आडवी टाकली होती. बस नाही. ती अस्नोड्यापर्यंत चालत गेली, आणि तिथून परत आली. तारीख पुढे गेली. तशा पुष्कळ तारखा पुढे गेल्या. कधी साहेब रजेवर, कधी कंपनीचे वकील मुंबईला, कधी नुसतंच पुढे.

मांडवीचा पूल कोसळला होता तेव्हा. बेतीला उतरून फेरीबोटीनं पणजीत जावं लागे. तिला ती बोट आवडायची. कठड्याला धरून उभी राहायची आणि नवऱ्याची बार्ज कशी या पाण्यातून जायची ते दाखवायची. तेवढंच नवऱ्याबद्दल.

तिची साक्ष झाली त्या दिवशी पहिला प्रश्न भाषेचा निघाला. कारकुनानं विचारलं, मराठीत बोलणार की कोंकणीत? कंपनीचे वकील म्हणाले, ही बाई बोलते ती कोंकणीच. गुरुदास म्हणाला, ती मूळची सावंतवाडीकडची, तिची मराठी. दोघं जोरात बोलू लागले. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी बोलतंय ती," भामावयनी म्हणाली. "तुमी कागदार इंग्लिशीतच लिवतलास ना? मगे माझी खंयची का असना."

साहेब हसले. पण त्यानंतर वकिलांनी तिला विचारलेल्या प्रश्नांवर कोणी हसलं नाही. पगार कोण देतो? मुकादम. कामावर कोण घेतो? मुकादम. मग तू कोणाची? ती म्हणाली, "मुकादम येवच्या आधी मी थंयच बसलेलंय." वकील म्हणाले, प्रश्नाचं उत्तर दे. "मुकादमान आमका खंयसून आणलां नाय. आमी बसलेलोंव, तो येवन समोर उभो रवलो." वकिलांनी साहेबांना सांगितलं, साक्षीदार उत्तर टाळत आहे. इंग्रजीत ते तसंच लिहिलं गेलं.

बाहेर आल्यावर ती व्हरांड्यात जमिनीवर बसली. शिपाई म्हणाला, बाकावर बस, इथं बसू नको. तिनं त्याच्याकडे पाहिलं, का म्हणून विचारलं नाही, आणि बाकावर जाऊन बसली.

पुढच्या खेपेला कंपनीनं आपला साक्षीदार आणला. कलावती.

नवऱ्याबरोबर आली होती. नवं लुगडं नेसलेली, डोक्याला तेल. आमच्याकडे तिनं पाहिलं नाही. वकिलांनी सौम्यपणे विचारलं, तुझी मुलगी कामाच्या ठिकाणी येत होती का?

"न्हाई."

"कुठं असायची?"

"घरात. खोलीत."

"मग त्या दिवशी फाटकापाशी कशी आली?"

कलावतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. "आली असंल," ती म्हणाली. "चालत."

रेणू रांगत होती. डिचोलीचा बाजार कुठं आणि फाटक कुठं. माझ्या शेजारी भामावयनीनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. गुरुदास उठला, त्याच्या हातात कागद होते, तो आता कलावतीला उलट विचारणार होता. पोर किती महिन्यांचं होतं, कुठे जन्मलं, दवाखान्याचा दाखला, सगळं त्यानं गोळा केलं होतं. भामावयनीनं त्याचा सदरा धरला.

"तिका काय एक विचारू नको."

"वयनी, हीच फट आसा. हांगाच केस—"

"विचारू नको म्हणतंय मी."

तिला कोणाला काही विचारू नको म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. गुरुदास उभा राहिला, मग म्हणाला, "प्रश्न नाहीत." आणि खाली बसला.

परतीच्या फेरीबोटीत ती दोघं होती. कलावती एका टोकाला, पाण्याकडे तोंड करून. नवरा लांब, विडी ओढत. भामावयनी तिच्याकडे गेली. मी मागोमाग गेले, मला भीती वाटत होती. कलावतीनं तिला पाहिलं आणि चेहरा पुढे केला.

"वयनी, मारा मला."

"कित्याक मारू?"

"त्येंचं काम जातंय म्हणून सांगिटलं ओ. दोघांचं बी जाईल म्हटलं मॅनेजर. गावाकडं जाऊन काय खाऊ, सांगा की. मी म्हटलं न्हाई म्हणून, तर रात्रंदिवस ह्येच... काय करू की ओ वयनी."

भामावयनी तिच्याबरोबर कठड्याला धरून उभी राहिली. बोट मधे आली तेव्हा म्हणाली, "चलत इली म्हणालंस ना?"

कलावतीनं मान हलवली.

"बरां केलंस. एकदां तरी चलली ती."

मग कलावती रडली. त्या दुपारी शेडमध्ये रडली नव्हती ते सगळं तिथं रडली. बेतीच्या धक्क्याला बोट लागली, माणसं उतरली, बोट परत निघायची वेळ झाली, तरी त्या दोघी उतरल्या नव्हत्या. तिच्या नवऱ्यानं येऊन भामावयनीच्या पायांना हात लावला. ती म्हणाली, "जावा. गाडी चुकात."

ती दोघं पुढच्या महिन्यात गावी गेली. कामावरून काढलं नव्हतं त्यांना. गेलीच.

गोवा राज्य झालं त्या वर्षी. शाळेत पेढे वाटले, पोरांना राज्य म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. भामावयनीनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "मगे आता केंद्राचो कायदो चलतलो काय हंय?" मी म्हटलं, आधीही चालत होता. "चलत होतो?" ती म्हणाली. चेष्टेत नव्हे. खरंच विचारत होती.

निकाल लागला तेव्हा तिच्याबरोबरच्या बायकांतल्या निम्म्या दुसरीकडे कामाला लागल्या होत्या. एक वारली होती. गुरुदासही आता क्वचित येई. खाणीवर त्यांचाच संप चालू होता, आणि तो थकलेला दिसायचा. तो कागद देऊन गेला. इंग्रजीत होता. मी ओसरीवर बसून तिला मराठीत सांगितला. बायका कंपनीच्याच आहेत, काम कंपनीच्या जागेत, कंपनीच्या मालावर होत होतं. त्यांना काढणं बेकायदा. परत घ्यावं.

"म्हणजे आमी जिकलोंव?"

"हो, वयनी."

"आणि पोरां? तेंची खोली?"

त्याबद्दल एकच वाक्य होतं. कारखान्यात मुलं आणली जात होती असा पुरावा समोर आलेला नाही. मी ते वाचलं. ती उठली आणि भात टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर रुजू व्हायला गेल्या. फाटकाला कुलूप होतं. कंपनीनं शेड आधीच बंद केली होती, भट्टीची यंत्रं ट्रकात घालून गोव्याच्या हद्दीपलीकडे नेली होती. एक राखणदार होता. गुरुदासनं निरोप पाठवला, हजर राहिलं पाहिजे, नाहीतर म्हणतील त्या आल्याच नाहीत. म्हणून त्या रोज सकाळी जात आणि फाटकाबाहेर फणसाखाली बसत. राखणदार पाणी आणून द्यायचा. खनिजाचे ट्रक जायचे, त्यांची लाल धूळ बायकांच्या डोक्यांवर बसायची. जेवणाच्या सुटीला भाकरी खात आणि संध्याकाळी उठत. मी डिचोलीच्या बाजाराला जाता-येता बसमधून बघायचे. आधी बऱ्याच होत्या. मग कमी कमी. शेवटी ती एकटी बसलेली दिसायची. आणि मग एके दिवशी तीही नव्हती.

माझी बदली पेडण्याला झाली. निघताना तिनं मला फणसपोळी बांधून दिली, डोळ्यांना पदर लावला नाही. "पत्र बरयात. सत्यभामा म्हणून बरयात, पोस्टमन वाचून दाखयतलो." मी लिहिली. तिची उत्तरं आली नाहीत, सहीपुढे तिची लेखणी कधी गेली नव्हती.

काही वर्षांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला मुळगावात गेले. जेवण उरकून तिच्याकडे गेले. पुढचं दार उघडं, आत कोणी नाही. मागीलदारी ठोके ऐकू येत होते.

ती आणि तिची सून, रामाची बायको, दोघी दगडांपुढे बसल्या होत्या. मधे बियांची गोणी. सगळ्या गावात आता असंच, असं नंतर कळलं. मुकादमाचा टेंपो दारोदार गोणी टाकून जायचा आणि गर घेऊन जायचा. अंगणाच्या खांबाला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक नातवाच्या कमरेला. पोर रांगण्याच्या वयाचं.

"इलास? बसा बाई. कदेल आण गे." तिचा आवाज बारीक झाला होता. केस पांढरे. हात चालू होता, माझ्याकडे पाहतानाही थांबला नाही.

मी पोराकडे बघत होते, ते तिच्या लक्षात आलं. "चिकाकडे येता मगे. बांधूक लागता."

मी म्हटलं, "वयनी, याबद्दल काही करता येत नाही का? लेबर ऑफिसात विचारलंत?"

तिनं एक बी फोडली, गर टोपलीत टाकला.

"कोणाच्या विरोधात, बाई? घर माजा. हातोडी माजी. पोर माजा." तिनं दुसरी बी दगडावर ठेवली. "हंय कारखानो खंय असा? मालक खंय असा? मीच मालकीण. माजेच विरोधात अर्ज करू?"

सून मान खाली घालून ठोके घालत होती. रस्त्यावर टेंपोचा हॉर्न वाजला. मुकादमाचा माणूस परसातून आला, टोपली हलवून पाहिली, तुटलेले गर बोटानं बाजूला काढले आणि म्हणाला, हे मजुरीत धरणार नाही. ते बरेच होते. मी भामावयनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरां." त्यानं टोपली ओतून घेतली, नवी गोणी टाकली आणि गेला.

तिनं गोणीचं तोंड सोडलं. पोर लुगड्याला ओढ देत आमच्याकडे यायला लागलं. जेवढं कापड होतं तेवढं ते आलं, मग तिथंच मातीत बसून राहिलं.

"जावा बाई आता," ती म्हणाली. "तुमची बस चुकात."